एकसष्ट दिवस

ऑगस्टमध्ये हारुशिगेचा अंडकोश मागच्या पायाच्या ढोपरापासून सहा बोटं वर असतो. फेब्रुवारीत तेरा बोटं. थंडीत आतला स्नायू आखडतो आणि वृषणं पोटाच्या उबेकडे ओढली जातात. उकाड्यात तोच स्नायू त्यांना सैल सोडतो. शरीरापेक्षा चार-पाच अंश थंड राहिली तरच ती नीट काम करतात. आठशे किलोंचा वळू, आणि त्याचा सगळा पुढचा वंश असा शरीराबाहेर वाऱ्यावर टांगलेला.

मी टेप गुंडाळून घेर मोजला. अडतीस सेंटिमीटर. दोन वर्षांपूर्वी एक्केचाळीस होता. घेरापेक्षाही स्पर्शाने मला अधिक सांगितलं. तरण्या वळूचं वृषण बोटांना परत ढकलतं. याचं आता, पिकत आलेल्या पर्सिमॉनच्या फळासारखं, दाबलं तिथे दबून राहत होतं.

“हात गरम करून लावा हो, सेन्सेई,” वळूंची राखण करणारे नुकाता-सान वेसण धरून म्हणाले. “मला कुणी असा बर्फाचा हात लावला असता तर लाथच घातली असती मी.”

“तुम्हाला कोण लावतंय?”

“तेही खरंच. बायको जाऊन नऊ वर्षं झाली.” ते हसले आणि त्यांनी वळूच्या कपाळावरचा भोवरा खाजवला. “किती भरलं?”

“आहे तेवढंच,” मी म्हणाले.

कुरातानीच्या आमच्या केंद्रात काळ्या जातीचे अकरा वळू आहेत. त्यांचं वीर्य गोठवून, बारीक कांड्यांत भरून, खोऱ्यातल्या गोठ्यांना दिलं जातं. ताजा नमुना पहिल्यांदा मी पाहते. सूक्ष्मदर्शकाखाली अडतीस अंशांवर तापवलेल्या काचेवर एक थेंब ठेवायचा आणि शंभरातले किती शुक्राणू सरळ, वेगाने पुढे जातात ते नजरेने ठरवून वहीत लिहायचं. सत्तरच्या खाली गेला तो नमुना टाकून द्यायचा. सलग खाली राहिला तो वळू यादीतून काढायचा. मग आठवडाभरात कत्तलखान्याचा ट्रक येतो. वहीतला आकडा मी सोडून कुणी तपासत नाही. एकोणीस वर्षांत तशी वेळच आली नव्हती.

हारुशिगे चौदा वर्षांचा आहे. खोऱ्यातल्या निम्म्या गायींचा तो बाप किंवा आजोबा. सप्टेंबरात त्याचा नमुना पहिल्यांदा पंचावन्नवर आला. मला नवल वाटलं नाही. बैलवर्गात शुक्राणू तयार व्हायला एकसष्ट दिवस लागतात, आणि वृषणाला चिकटलेल्या लांबलचक वळणदार नळीतून बाहेर येईपर्यंत आणखी दहा-बारा. आज काचेवर दिसते ती दोन महिन्यांपूर्वीची बातमी असते. जुलै फार तापला होता. मी केंद्रप्रमुख मिझोगुचींना सांगितलं, “उन्हाळ्याचा परिणाम आहे. नोव्हेंबरपर्यंत थांबू या.” ते बरोबरच होतं.

ऑक्टोबरात त्याला दोन दिवस ताप आला. म्हणून नोव्हेंबरच्या वाईट नमुन्यानंतर मी पुन्हा एकसष्ट दिवस मागितले. तेही शास्त्राला धरून होतं, थोडंफार. जानेवारीत मात्र ताप नव्हता, उकाडा नव्हता, आणि काचेवर चाळीस होते.

हे दिवस मागण्याची मला सवय आहे. माझं लग्न झालं होतं. यासुहिको शाळेत भूगोल शिकवायचा. तिसऱ्या वर्षी इस्पितळातून त्याचा अहवाल आला. मी तो वाचला आणि मला पहिल्याच ओळीत सगळं कळलं. तो टेबलापलीकडे माझ्या तोंडाकडे बघत होता. “तुझाच विषय आहे, चिझुरु,” तो म्हणाला. “तू सांग.” मी सांगितलं, गरम पाण्यात बसणं कमी कर, दोन महिन्यांनी पुन्हा तपासू. दोन महिन्यांनी मी म्हणाले, मध्ये तुला सर्दी झाली होती, आणखी दोन महिने. असे आम्ही तीन वर्षं काढली. त्याने अंघोळीचा टब सोडला, सिगारेट सोडली, सायकल सोडली. शेवटी त्याने मला सोडलं. जाताना भांडला नाही. एवढंच म्हणाला, “तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना?” आता दर नववर्षाला त्याचं कार्ड येतं, त्यावर तीन नावं असतात. तिसरं नाव त्याने आणि त्याच्या दुसऱ्या बायकोने दत्तक घेतलेल्या मुलीचं. मीही कार्ड पाठवते. त्यावर लिहायला माझं एकच नाव असतं, म्हणून अक्षर जरा मोठं काढते.

तर जानेवारीत काचेवर चाळीस होते, आणि नुकाता-सान दारात उभे होते.

“कसं काय, सेन्सेई?”

“वाटेत नमुन्याची नळी थंड झाली असावी,” मी म्हणाले.

तसं होतं कधीकधी. वीर्य बाहेर पडल्यावर एकदम गारठलं तर चांगले शुक्राणूही आखडतात. आमची प्रयोगशाळा मागच्या वर्षी नव्या इमारतीत गेली. वीर्य घेण्याच्या शेडपासून तिथपर्यंत बासष्ट पावलं आहेत, आणि हिवाळ्यात ती कमरेएवढ्या बर्फातून खणलेल्या वाटेने टाकावी लागतात. कारण खोटं वाटण्यासारखं नव्हतं. मी वहीत सत्तर लिहिलं आणि तो नमुना मोरीत ओतला.

पुढच्या सोमवारी मला दिसलं की नळी नुकाता-सानांच्या हातात नव्हती. त्यांनी कोट उघडला, स्वेटर वर केला आणि पोटाला बांधलेल्या लोकरी पट्ट्यातून ती काढली.

“पोटापेक्षा गरम जागा नाही सापडली,” ते म्हणाले. “होती एक, पण बाईमाणसासमोर काय सांगायचं!”

मी हसले. त्या दिवशी काचेवर तेहतीस होते. मी म्हणाले, “थोडी थंडच वाटते.”

त्यापुढच्या सोमवारी ते पळत आले. सहासष्ट वर्षांचा माणूस, गमबूट घालून. दम लागून त्यांना विचारताही येत नव्हतं. मी काचेवरून डोळा न काढता नाही म्हणून मान हलवली. खिडकीतून ते परत जाताना दिसले. वाटेत थांबून ते फावड्याने बर्फ खरवडत होते, वाट आणखी सरळ करत होते. पाच पावलं वाचली असती.

आज सकाळी शेडमध्ये मीही गेले होते. हारुशिगेने गायीच्या जागी ठेवलेल्या, कातडं चढवलेल्या सांगाड्याचा वास घेतला, वरचा ओठ उलटवला आणि एका दमात झेप घेतली. नुकाता-सानांनी वीर्य झेलायची, गरम पाण्याचं आवरण असलेली रबरी नळी बाजूने धरली. क्षणभराचं काम.

“बघा!” ते ओरडले. “असा गडी म्हातारा म्हणायचा? परवाचा तो तीन वर्षांचा पठ्ठ्या अर्धा तास नुसता हुंगत बसला होता!”

हा गैरसमज त्यांच्यासारख्या प्रत्येक राखणदाराचा असतो, आणि तो मी कधी दूर केला नाही. ओढ निर्माण करणाऱ्या पेशी वेगळ्या, बीज बनवणाऱ्या वेगळ्या. शेजारी शेजारी असतात, पण एकमेकींबरोबर म्हाताऱ्या होत नाहीत.

मी पुढे प्रयोगशाळेत येऊन काच तापवत ठेवली. मागून बाहेर काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

ते वाटेवर आडवे पडले होते. दोन्ही हात पोटाशी घट्ट धरलेले, म्हणून पडताना टेकायला एकही हात मोकळा नव्हता. कोपर दगडावर आपटलं होतं, कपाळ सोललं होतं. मी धावत जाऊन त्यांना उठवू लागले.

“मला राहू द्या! नळी घ्या आधी,” ते म्हणाले. “गरम आहे अजून. घ्या, घ्या लवकर.”

मी त्यांना तसंच आत आणून खुर्चीवर बसवलं. जखम पुसायला कापूस घेतला, तर त्यांनी माझा हात ढकलला आणि सूक्ष्मदर्शकाकडे बोट केलं. मी नळीत तापमापक घातला. पस्तीस अंश. इतकी गरम नळी उन्हाळ्यातही कधी आली नव्हती.

थेंब ठेवला. एका कोपऱ्यात थोडी हालचाल होती. बाकी सगळीकडे ते नुसते पडून होते, शेपट्या वळलेल्या, तुटलेल्या. शंभरात बारा. फार तर पंधरा.

“थंड झालं का?” नुकाता-सानांनी विचारलं. कोपर धरून ते पुढे वाकले होते. “पडलो नसतो तर पोचलो असतो. ती वाटच, सेन्सेई… उद्या तिथे राख टाकतो. गेल्या महिन्यापासून माझ्यामुळेच बिचाऱ्याचे आकडे जातायत. मिझोगुची-सानांना मी सांगेन. माझी चूक आहे म्हणून सांगेन, मग त्याला नाही ना काढणार?”

त्यांच्या भुवईवरून रक्त ओघळत होतं आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी दिवा बंद केला. खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि बसले.

“नुकाता-सान, नळी गरम होती. आजही, आणि आधीही. तुमचा काही दोष नव्हता. मला सप्टेंबरनंतर लवकरच कळलं होतं आणि मी बोलले नाही. हारुशिगेचं बीज संपलंय, ते आता परत येणार नाही. मी आज त्याला यादीतून काढते आहे.”