बंद भट्टीसमोरचा बाक

मी एक जुना लाकडी बाक आहे. मित्रांनो, काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यासमोर माझी जागा. तिथल्याच सुताराने उरलेल्या फळ्यांतून मला घडवले. पाळी सुटली की भट्टीवरची माणसे माझ्यावर टेकत. अंगातून धग निघायची, पण बोलणे ऐटीत असायचे. भट्टीवाले काका तर सगळ्यांच्या गळ्यातले ताईत. नवी बाटली उजेडात धरून ते स्वतःशीच हसत.

मग प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि भट्टी विझली. तरी माणसे सवयीने येऊन बसत. समोरून साहेबांच्या गाड्या जात. कोणी थांबत नसे. काकांचे घर आता मुलीवर चाले. ती शहरात बस चालवायची. शेजारी तिचे कौतुक करू लागले की काका विषय बदलत.

एके सकाळी एक पुढारी आला. भाषण न करता तो माझ्यावर बसला आणि काकांच्या हातावरच्या भाजल्याच्या डागांबद्दल विचारू लागला. काका कितीतरी दिवसांनी भडाभडा बोलले. सगळे ऐकून तो हळूच म्हणाला, "काका, तुमचा मान हिरावून घेतलाय. बाहेरचे आले, बायका कामाला लागल्या, तिथंच बिघडलं. आपण पूर्वीचे दिवस परत आणू."

काकांचे डोळे भरून आले. भट्टी कशी पेटवणार, हे मात्र कोणी विचारले नाही.

त्या पुढाऱ्याच्या नादी लागू नका, हे समजावायला मुलगी इथेच आली. "कारखाना काय माझ्यामुळे बंद पडला?" तिने विचारले.

"तसं नाही गं," काका म्हणाले. "पण त्यानं माझी चौकशी तरी केली. बाकी कुणी केली?"

 तिनेही केली नव्हती.

काकांसकट अनेकांच्या मतांवर पुढाऱ्याचा पक्ष निवडून आला. भट्टी थंडच राहिली. बस पुरुषांनीच चालवायची, असा हुकूम मात्र लगेच निघाला. त्या दुपारी मुलगी खाकी गणवेशातच माझ्यावर येऊन बसली. काका शेजारी टेकले. मग म्हणाले,

"मला वाटलं, तो दुसऱ्यांच्या मुलींबद्दल बोलतोय."

ती रागाने उठून जाईल असे मला वाटले. ती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी काका आपल्या जुन्या सोबत्यांना घेऊन बस आगाराच्या दारात, काढून टाकलेल्या बायकांच्या बाजूने उभे राहिले. हुकूम अजून तसाच आहे. तेही अजून जातात.

मित्रांनो, माझ्या फळ्या आता खिळखिळ्या झाल्या आहेत. मला रंग दिला नाही तरी चालेल. पण माझ्यावर कोणी एकटे बसलेले दिसले, तर क्षणभर टेका, त्याची विचारपूस करा. तुम्ही नाही केलीत, तर दुसरे कोणीतरी करेल, आणि तो माणूस त्या विचारणाऱ्याच्याच मागे जाईल.