अतितातडी

मावशीचे पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि डायलिसिस केंद्राचा फोन काही येत नव्हता. एरवी आठवड्यातून दोनदा यायचा. मशीन रिकामं आहे, या. फोनशिवाय गेलं तर परत पाठवतात. तिची तब्येत बघून डॉक्टरांनी तिला 'तातडी'तून 'अतितातडी'त टाकलं, आणि तेव्हापासून फोनच बंद!

"अगं, माझा नंबर मागे गेला असेल," मावशी म्हणाली. तिचा हा समजूतदारपणा माझ्या डोक्यात जातो.

केंद्रावर गेले. काउंटरवरची बाई म्हणाली, "मॅडम, यादीत नावच नाही. मी तरी काय करू?"

ती यादी आमच्याच कंपनीच्या डेटाबेसमधून निघते. तडक ऑफिस गाठलं आणि यादी काढणारी क्वेरी उघडली. एवढीशी ओळ. ज्याच्या नोंदीतला प्रकार कंसातल्या ('साधा', 'तातडी') शब्दांपैकी असेल, तो रुग्ण आण. बस्स. डॉक्टरांनी तिसरा प्रकार सुरू केला, तो कंसात कुणी घातलाच नव्हता. कंसातल्याशी तंतोतंत जुळेल तेवढंच डेटाबेस उचलतो. कोण जास्त आजारी, त्याला काय पडलंय? जे सगळ्यात अत्यवस्थ, तेच नेमके गळाले. यादी रोज भरलेली निघायची, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही.

निदान मला तसं वाटलं होतं.

"माहितीये मला," साहेब खुर्चीत रेलून म्हणाले. "केंद्राने मेल केला होता. पुढच्या रिलीजमध्ये घेऊ."

"एक शब्द घालायचाय, साहेब!"

"आणि त्या एका शब्दासाठी सगळं टेस्टिंग परत? प्रोसेस नावाची काही गोष्ट असते."

माझं टाळकंच सरकलं. जागेवर आले, शब्द घातला, एकदा तपासून पाहिला आणि सरळ लाइव्ह केला. मावशीचं नाव आलं, आणि तिच्यामागे कितीतरी नावं. काउंटरवरच्या बाईला कळवलं, "माझ्या मावशीपासून सुरुवात करा. खालच्या अर्ध्यांना मी फोन लावते."

पहिलाच फोन रुग्णाच्या बायकोने उचलला.

"डायलिसिस केंद्रासाठी बोलतेय. तुमच्या मिस्टरांना घेऊन या, मशीन रिकामं आहे."

 त्या म्हणाल्या, "ते परवा गेले. रोज फोन उशाशी घेऊन पडायचे हो. इतके दिवस का नाही केलात?"

 तेवढ्यात पाठीमागून साहेब गरजले, "कुणाला विचारून बदललंस हे?"

मी फोन त्यांच्यापुढे धरला. "या बाई विचारतायत, इतके दिवस फोन का आला नाही. सांगा त्यांना तुमची प्रोसेस."

साहेबांनी हात मागे घेतला. फोनमधून आवाज येतच होता, "हॅलो? आहात ना?"

"घ्या की!" मी ओरडले. "त्यांचा नवरा वाट बघत मेला, तुम्हाला हॅलो म्हणवत नाही?"