फोनच्या पाठीमागची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. सुताराच्या घरातली आहे, तेव्हा माझी बडदास्त असेल असं समजू नका. सुताराच्या घरची खुर्ची सगळ्यांत शेवटी दुरुस्त होते.

मला घडवलं ते मालकाच्या मुलाने. त्याची ती पहिलीच खुर्ची. बापाने हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, असं ठरलं होतं आणि बापाने दात आवळून ते पाळलं. मी उभी राहिल्यावर मालकाने माझ्या पाठीवरून हात फिरवला, बसला आणि जरा डावीकडे कलला. माझ्या मागच्या पायाचा सांधा केसभर सैल होता. मी कुरकुरले.

"गिऱ्हाइकाला चालणार नाही," मालक म्हणाला. "घरात ठेव."

"आत्ता नीट करतो, बाबा."

"आधी जेव. मग सवडीने कर."

ती सवड आलीच नाही. मुलाला परदेशात तयार फर्निचरच्या कारखान्यात नोकरी लागली. मालकाचा पारा चढला. "भुसा दाबून केलेल्या फळ्या चिकटवायला शिकवलं का तुला मी? जा. पण पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

मुलगा गेला. मालकाचा शब्द म्हणजे आरपार ठोकलेला खिळा. उपसायला गेलं तर लाकूड फाटायचं, म्हणून तो कधी उपसत नाही.

मालकीणबाई म्हणायच्या, "अहो, लोकांच्या खुर्च्या करता, ही घरातली तेवढी बघा की."

"ज्याने केली तो बघेल," मालक म्हणायचा. एवढं बोलून तो माझ्यावरच बसायचा. घरात दुसऱ्या धड खुर्च्या होत्या, तरी माझ्यावरच.

मग घरात तोंड दिसणारा फोन आला. दर रविवारी सकाळी मुलगा त्यात यायचा. बाईंना तो धरायचं काही जमेना.

"आई, नुसतं कपाळ दिसतंय तुझं."

"आता?"

"आता छत दिसतंय. पोपडे आलेत, बाबांना सांग."

पुढच्या रविवारी टेबलावर फोन टेकवायला छोटी लाकडी घोडी होती. उतार नेमका, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. कुणी केली हे बाईंनी विचारलं नाही, मालकाने सांगितलं नाही.

त्याच दिवशी मालकाने मला टेबलाच्या या बाजूला ओढलं, फोनच्या बरोबर पाठीमागे. समोर बाई, मध्ये फोन, इकडे आम्ही. मुलाचं तोंड दिसत नव्हतं आणि मालकाचंही मुलाला दिसत नव्हतं. शब्द राहिला. कान बांधून ठेवू असं मात्र तो कुठे म्हणाला होता? शिवाय बाईंच्या चष्म्याच्या काचेत नखाएवढा उजेड हलायचा. तो मुलगा असायचा. मालक त्या उजेडावरून नजर काढायचा नाही.

एकदा मुलगा म्हणाला, "करवतीने बोट कापलं, आई. थोडंसंच."

मालक असा पुढे झुकला की मी करकरून ओरडले. बाईंच्या डोळ्यांसमोर त्याने बोट नाचवलं. कुठलं? किती खोल?

"कुठलं बोट रे? खोल लागलंय का, म्हणे?"

"म्हणे? कोण म्हणे?"

"मीच म्हणते. मी विचारू नये का?"

मुलगा हसला. मग आवाज चढवून म्हणाला, "डाव्या हाताची करंगळी. हाडाला लागलेलं नाही. आता बरं आहे." आईचे कान चांगले तिखट होते. आवाज कशाला चढवायचा?

माझ्या ते हळूहळू लक्षात आलं. तो पात्याला धार कशी लावतात ते सांगायचा, ओल्या लाकडाला पीळ कसा पडला ते सांगायचा. आईला यातलं ओ की ठो कळत नसे. तो सांगायचा आणि थांबायचा. मालक हलायचा. मी कुरकुरायचे. मग तो पुढे बोलायचा. मला माझ्या सैल पायाचा तेव्हा केवढा तोरा होता म्हणून सांगू! त्या दोघांचं बोलणं चालत होतं ते माझ्या तोंडून.

आणि एका रविवारी मुलाने ते बोलून टाकलं. "आई, ती खुर्ची अजून कुरकुरते गं. इथवर ऐकू येते मला. सुट्टीचं बघतोय. आलो की पहिल्यांदा तिचा पाय नीट करतो."

बाईंचा चेहरा फुलला. फोन बंद होताच त्या टाळी वाजवून म्हणाल्या, "ऐकलंत? चोरून बसता ते त्याला सगळं ठाऊक आहे!"

'चोरून' हा शब्द त्यांनी वापरायला नको होता.

मालक लालबुंद झाला. "माझ्या घरात मी चोरून बसतो? आणि माझ्या घरातली खुर्ची नीट करायला परदेशातून सुतार यायला हवा? मी काय मेलोय?"

"अहो, मी गमतीने म्हटलं."

मालकाने मला उचललं ते थेट कामाच्या खोलीत. पाय सोडवला, जुना सांधा खरवडला, सरस भरला, पाचर ठोकली आणि दोरीने करकचून आवळून ठेवलं. बाई दारात उभ्या होत्या. "राहू द्या ना. तो येऊन करेल." मालकाने मान वर केली नाही. काम करताना तो कुणाचं ऐकत नाही. आणि त्याचं काम कसं असतं ते सगळ्या पेठेला माहीत आहे.

रविवार आला. मुलगा बोलला, थांबला. मालक हलला. मी गप्प. मुलगा पुन्हा बोलला, पुन्हा थांबला.

"आज बाबा नाहीत का?"

बाईंनी मालकाकडे पाहिलं. मालकाने हात आडवा हलवला. खोटं बोलायला बाईंची जीभ वळेना. त्या म्हणाल्या, "खुर्ची नीट केली रे त्यांनी."

"त्यांनी स्वतः?"

"हो. अगदी पक्की."

 मुलगा हसल्यासारखं म्हणाला, "बरं झालं. म्हणजे माझ्यासाठी काही ठेवलं नाही." आणि थोड्या वेळाने, "सुट्टीचं यंदा जमेलसं दिसत नाही, आई. पुढच्या वर्षी बघू."

बाईंच्या चष्म्यातला उजेड विझला. मालक तसाच बसून होता. त्याची बोटं माझ्या बैठकीखाली मागच्या पायाचा सांधा चाचपत होती.

ते पुढचं वर्ष येऊन गेलं. आता मुलगा हवा विचारतो, औषधं विचारतो आणि "ठेवतो" म्हणतो. लाकडाबद्दल चकार शब्द काढत नाही. मालक अजून माझ्यावर बसतो. डावीकडे कलतो, उजवीकडे कलतो, पाठ मागे रेटतो. एका दुपारी पटाशी घेऊन बसला होता. धार माझ्या सांध्यावर टेकवली, हातोडी उचलली. मी मनात म्हटलं, मार. त्याने बराच वेळ सांध्याकडे पाहिलं. बिनफटीचा, एकजीव सांधा. हातोडी खाली ठेवली. चांगलं काम मोडायला त्याचा हात उठला नाही.

घरात काही कुरकुरत असेल तर लगेच हातोडी घेऊन धावू नका, एवढंच माझं सांगणं आहे.

बाई आता रविवारी टेबलाच्या एका कडेला सरकून बसतात. शेजारी एक खुर्ची मावेल एवढी जागा सोडतात. मी ती जागा दर वेळी बघते. मला चार पाय आहेत, चारही पक्के, पण एकही उचलता येत नाही.

मालकाला दोन आहेत.