शिंदखेड्याच्या कार्यालयातली लाल-निळी सतरंजी

चपला दाराबाहेर काढा बालमित्रांनो, आणि ऐसपैस बसा. ज्या लाल-निळ्या पट्ट्यांवर तुम्ही मांडी घातली आहे ना, तीच मी. मी एक जुनी सतरंजी आहे. शिंदखेड्यातल्या एका राजकीय पक्षाच्या तालुका कार्यालयात माझा मुक्काम असतो. पक्षाचे नाव मात्र मी सांगणार नाही. इतकी वर्षे राजकारणात काढल्यावर कुठे बोलावे आणि कुठे गप्प राहावे, एवढे सतरंजीलाही कळू लागते.

माझा जन्म धुळ्यातला. खान्देशच्या काळ्या जमिनीतला कापूस, त्याचे जाड सूत आणि हातमागावर दिवस दिवस बसून मला विणणारा एक अबोल विणकर. त्याने धागा इतका ठासून बसवला की माझ्यावर पाणी सांडले तर आजही ते लगेच आत मुरत नाही. मी एवढी लांबरुंद होते की मला पूर्ण उलगडून दाखवायला दुकानदाराला रस्त्यावर यावे लागले. मला विकत घेतले आधार आबांनी. त्यांनी नुकतीच तालुक्यात पक्षाची शाखा काढली होती. शाखेकडे ना टेबल होते, ना कपाट. मीच तिची पहिली मालमत्ता. "आधी सतरंजी, मंग पक्ष," असे हसत म्हणून आबांनी मला एसटीच्या टपावर बांधले आणि शिंदखेड्याला आणले. वाटेत वाऱ्याने माझे एक टोक सुटले आणि झेंड्यासारखे फडफडत राहिले. त्या प्रवासाची ऐट माझ्या अंगातून अजून गेलेली नाही.

पहिल्याच बैठकीत आबांनी दोन नियम घातले. एक, इथे जो येईल तो सतरंजीवर बसेल. गल्लीतला असो की दिल्लीतला, खुर्ची कोणालाच मिळणार नाही. दुसरा नियम जरा चमत्कारिक होता. माझ्यावर बसून 'वरून आलंय' असे कोणी म्हणायचे नाही.

मित्रांनो, पक्षात वरून पुष्कळ काही येते. दिल्लीचे मुंबईला येते, मुंबईचे धुळ्याला आणि धुळ्याचे आमच्याकडे. येता येता त्यावरचे नाव पुसले जाते आणि उरते ते फक्त 'वरून'. आबांना त्याची भारी चीड. ते म्हणायचे, "वरथून पानी पडस. बाकी जे येस ते कोनी तरी मानूस सांगस. त्या मानूसनं नाव ल्या, मंग पुढे बोला."

ते दिवस माझ्या उमेदीचे होते. मी किती सभा पाहिल्या! एरंडोलच्या मेळाव्याला मला खास नेले होते, तिथे एकाच्या विडीने मला भोक पाडले. कार्यकर्त्यांच्या घरची लग्ने माझ्यावर उरकली, वऱ्हाडातली पोरे माझ्यावर लोळली. जो तो माझे कौतुक करी. "सतरंजी पाहावी तर शिंदखेड्याची," असे लोक म्हणत आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

मग आबा गेले. त्यांच्यामागे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. निर्णय फोनवर होऊ लागले आणि बैठका फोटोपुरत्या उरल्या. मला गुंडाळून जुन्या फलकांच्या मागे उभे केले गेले. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण पक्षात असे कोपऱ्यात उभे राहिलेले माझ्याखेरीज आणखीही पुष्कळ होते.

त्या काळात माझी विचारपूस करणाऱ्या दोघीच. एक तानुबाई. त्या आबांच्या वेळेपासूनच्या कार्यकर्त्या. दरवर्षी त्या मला उन्हात टाकत, काठीने झोडपत आणि झोडपताना पक्षाच्या पुढाऱ्यांची नावे घेत. दुसरी सुलक्षणा. कॉलेजात असताना ती सभा संपल्यावर सतरंज्या उचलू लागायची. "हिचा जन्म सतरंज्या उचलण्यातच जाणार," असे लोक तिला चिडवत. ती हसून माझी घडी घालायची, कडेला कड जुळवून. पुढे हीच सुलक्षणा तालुकाध्यक्ष झाली आणि पहिल्याच दिवशी तिने खुर्च्या मागच्या खोलीत टाकून मला पुन्हा अंथरले.

मग ती विधानसभेला उभी राहिली आणि थोडक्यात पडली. त्या संध्याकाळी ती माझ्यावर बसून खूप रडली. दुसऱ्या दिवशी तोंड धुऊन पुन्हा गावोगाव फिरू लागली. कुठे टँकर अडला, कुठे पोरींसाठी कॉलेजच्या वेळेची एसटी हवी, कुठे म्हातारीचे रेशन बंद झाले, सुलक्षणा तिथे हजर. पुढची निवडणूक आली तेव्हा तालुका म्हणत होता, या वेळी ताईच.

आणि तेवढ्यात मुंबईहून निरोप आला. शिंदखेड्याची जागा मित्रपक्षाला सोडायची आहे. वरून आलंय.

निरोपापाठोपाठ दोन पाहुणे येणार होते. दिल्लीचे निरीक्षक भटनागरजी आणि प्रदेशाचे सरचिटणीस हितेंद्र साहेब. साहेब मूळचे जळगावच्या पिंप्राळ्याचे, पण मुंबईत राहायला गेल्यापासून त्यांनी घरची बोली जणू पेटीत बंद करून ठेवली होती. त्यांना आमच्याकडून एका ओळीचा ठराव हवा होता: 'निर्णयाचे सर्व अधिकार पक्षश्रेष्ठींना देण्यात येत आहेत.' तुम्ही मोठे व्हाल तेव्हा हा ठराव तुम्हालाही भेटेल. तो वाचायला क्षणभर लागतो, आणि हात वर केले की झाले. मग खालच्यांना बोलायचे काही उरत नाही.

सकाळीच गाड्या आल्या. कार्यालय ओट्यापर्यंत भरले होते. हितेंद्र साहेबांनी पाहुण्यांसाठी दोन गादीच्या खुर्च्या मागवल्या होत्या. तानुबाईंनी एकेक खुर्ची उचलली आणि बाहेर नेऊन ठेवली.

"खुर्चीस्ले ओटावर बसू द्या साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही आठे बठा, आमनापान."

साहेबांचा चेहरा पडला. भटनागरजी मात्र हसले. "घुटने थोडा विरोध करेंगे," असे म्हणत ते हळूच माझ्यावर टेकले. मग साहेबांनाही बसणे भाग पडले. दिल्ली, मुंबई आणि शिंदखेडा एका पातळीवर बसलेले मी कितीतरी वर्षांनी पाहत होते. माझ्या कडेच्या उसवलेल्या दशासुद्धा ताठ झाल्या असतील!

हितेंद्र साहेबांनी वेळ घालवला नाही. "मंडळी, विषय सगळ्यांना माहीत आहे. वरून आलंय. आपण फक्त हात वर करायचे. पाच मिनिटांचं काम आहे, मग चहा घेऊ."

कोणी हात वर केला नाही. अखेर सुलक्षणाच उठून गुडघ्यांवर बसली. "पक्षापेक्षा मी मोठी नाही. शिस्त म्हणजे शिस्त," ती म्हणाली आणि तिने उजवा हात वर नेला. डाव्या हातात तिने माझी कड घट्ट धरली होती. मित्रांनो, ती पकड मला अजून जाणवते. त्या मुठीत तिची सगळी वर्षे होती.

तानुबाईंनी तिचे मनगट धरून हात खाली ओढला. "हात खाले कर, पोरी. साहेब, हाई सतरंजीवर 'वरून' चालत नही. कोनी सांगं? त्यानं नाव ल्या."

"तानुबाई, हा काय प्रकार आहे?" साहेब चिडले. "सांगितलं ना, दिल्लीने सांगितलं."

"दिल्ली त शहर शे. मानूसनं नाव?"

"क्या पूछ रही हैं माताजी?" भटनागरजींनी विचारले. शेजारी युवक शाखेचा अध्यक्ष संघपाल बसला होता. त्याने त्यांना आबांचा नियम हिंदीत समजावून सांगितला. भटनागरजींनी मान डोलावली. "सवाल तो ठीक है. बताइए हितेंद्रजी, किसने कहा?"

साहेबांनी रुमाल काढला. "असं काय करता? आपने ही तो फोन किया था."

"मैंने?" भटनागरजी सावरून बसले. "मैंने तो पूछा था. मित्रदल को दो में से एक सीट देनी थी. मैंने पूछा, शिंदखेडा दे दें तो कैसा रहेगा? आपने कहा, जी, बहुत बढिया रहेगा. मैं समझा, प्रदेश की यही इच्छा है."

"आणि मी समजलो, श्रेष्ठींचा आदेश आहे!" साहेबांच्या तोंडून निघून गेले. "दिल्लीचा फोन आल्यावर कोणी नाही म्हणतं का?"

मागून कोणीतरी फिसकन हसले, आणि पाहता पाहता सगळे कार्यालय हसू लागले. पाहा मित्रांनो, काय झाले होते! दिल्लीने नुसते विचारले, तो मुंबईला हुकूम वाटला. मुंबईने भीतीने 'जी' म्हटले, ते दिल्लीला मत वाटले. जी जागा सोडावी असे कोणाच्याच मनात नव्हते, ती सगळ्यांच्या हातून सुटत चालली होती. एक सुलक्षणा तेवढी हसत नव्हती. ती एकदा या पाहुण्याकडे आणि एकदा त्या पाहुण्याकडे पाहत होती.

भटनागरजींनीही हसू आवरले. "तो अब पूछता हूँ. हुक्म नहीं है, सवाल है. आपकी अपनी राय क्या है?"

हितेंद्र साहेबांनी माझ्या पट्ट्यांकडे पाहिले. कितीतरी दिवसांत त्यांना त्यांचे स्वतःचे मत कोणी विचारले नसावे. मग त्यांनी मान वर केली आणि पेटीत बंद केलेली बोली बाहेर आली. "मनं मत इचारतस त सांगस. जागा आपली शे. ही पोर निवडी येई. मी बठ्ठा तालुका हिंडी उनू, माले पहिलाच दिवसपासून माहीत व्हतं."

"मंग बोलाले काय झायं व्हतं?" तानुबाई म्हणाल्या. साहेबांनी रुमाल खिशात ठेवला.

भटनागरजींनी तिथेच, मांडी न मोडता, दिल्लीला फोन लावला. ते काय बोलले ते मला पाठ आहे. "शिंदखेडा तालुका की सुलक्षणाजी और तानुबाईजी कह रही हैं. प्रदेश के हितेंद्रजी कह रहे हैं. और मैं, भटनागर, भी कह रहा हूँ. यह सीट मत छोडिए. मित्रदल को दूसरीवाली दीजिए, वह उससे भी खुश है." एकाही वाक्यात 'वरून' नव्हते आणि 'खालून'ही नव्हते. नुसती नावे होती.

पलीकडून उत्तर आले, विचार करून कळवतो. तोवर जेवणे मांडली. वरण-बट्टीचा बेत होता, पण सुलक्षणाच्या ताटातली बट्टी तशीच होती. भटनागरजी तिसऱ्या बट्टीवर तूप घेत असताना फोन वाजला. त्यांनी ऐकले, 'धन्यवाद' म्हटले आणि तूप लागलेला हात तसाच वर केला. "सुलक्षणाजी, तैयारी कीजिए. सीट आपकी."

मग काय सांगू! कोण उठले, कोणी कोणाला उचलले, काही कळेना. वरणाचे अख्खे पातेले माझ्यावर उपडे झाले. तो डाग अजून आहे, त्या निळ्या पट्ट्यावर. तो घालवायचा कोणी प्रयत्न केला तर मला मुळीच आवडणार नाही.

पुढचे सारे तालुक्याने पाहिले. मुंबईहून वक्ते आले, दिल्लीहून प्रचाराचे साहित्य आले, आणि ज्यांच्या पायांत चपला होत्या आणि ज्यांच्या नव्हत्या, ते सगळे शिंदखेड्याचे लोक घरोघर फिरले. तिन्ही ठिकाणचे हात एका कामाला लागले तेव्हा पक्षाच्या अंगात काय बळ येते, ते मी तेव्हा पाहिले. हितेंद्र साहेब तर पूर्ण प्रचारभर आमच्याकडेच राहिले आणि प्रत्येक भाषण घरच्या बोलीत केले. मतमोजणीच्या दुपारी ढोल वाजत वाजत कार्यालयापर्यंत आले. सुलक्षणा निवडून आली होती, आणि या वेळी थोडक्यात नव्हे, घसघशीत! गुलालाने माझा निळा पट्टासुद्धा लाल झाला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस. त्या दिवशी आबा हवे होते.

सत्काराची सभा झाली. नव्या आमदार खाली बसल्या, माझ्यावरच. थोड्या वेळाने भटनागरजी उभे राहून म्हणाले, ही सतरंजी मला द्या, दिल्लीच्या सभागृहात नेतो, तिथे हिची फार गरज आहे. क्षणभर माझ्या मनात आले, जावे! एसटीच्या टपावर फडफडत आलेली मी, विमानात कशी दिसले असते?

पण तानुबाई पदर खोचून पुढे झाल्या. "भटनागर भाऊ, तठे नवी इनी ल्या. सूत आमी देसूत. नियम बी देसूत. हाई आठेच राही." भटनागरजींनी हात जोडले आणि धुळ्याच्या विणकराचा पत्ता मागून घेतला. ऐकते की माझी धाकटी बहीण आता मागावर आहे.

सभा संपली. लोक पांगले. एका कार्यकर्त्याने माझे टोक धरले तेवढ्यात आमदारबाईंनी त्याला थांबवले आणि ते टोक स्वतःच्या हातात घेतले. दुसऱ्या बाजूने हितेंद्र साहेब वाकले. दोघांनी मिळून माझी घडी घातली, कडेला कड जुळवून.

मित्रांनो, आता माझ्या दशा उसवल्या आहेत, रंगही उडाला आहे. तुमच्याकडे एवढेच मागते, मला ओली गुंडाळू नका, अधूनमधून ऊन दाखवा, झटका, रफू करा. मी टिकले तर माझ्यावर बसून बोलणारे टिकतील. आणि उद्या कोणी दारात येऊन सांगू लागला की वरून आलंय, तर घाबरून हात वर करू नका. त्याला पाणी द्या, माझ्यावर बसवा आणि नाव विचारा.