टेपची उलटी बाजू

मास्तरांनी बटणांचा डबा कापायच्या टेबलावर पालथा केला आणि एकेक बटण बोटाने पुढे ढकलत मोजायला सुरुवात केली.

"उनो, दोस, त्रेस, क्वात्रो..."

पंधरापर्यंत गाडी बरी चालली. सोळाला त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पुन्हा पहिल्यापासून," वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या. भाषांतराची कामं करणाऱ्या या बाई दुपारी तासभर दुकानात येऊन बसत. फी म्हणून त्यांना काही नको होतं. मास्तरांची फजिती बघायला मिळते तेवढी पुरे, असं त्या म्हणत.

"चाळीस वर्षं सगळे मला मास्तर म्हणतात," मास्तर कुरकुरले, "आणि या वयात माझीच शाळा."

"कुणी सांगितलं होतं? तुम्हीच मागे लागलात."

ते मात्र खरं होतं. मुलगा परदेशात गेला, तिथलीच मुलगी केली. सुनेला स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं, त्यामुळे लग्नाला आठ वर्षं होऊनही सासऱ्याचं आणि सुनेचं एक वाक्यही बोलणं नव्हतं. फोनवर मुलगा मध्ये असायचा. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. "छान आहे सगळं म्हणतेय," एवढंच त्याच्याकडून यायचं. गेले चार महिने तर फोनवर चित्रही दिसत नव्हतं. नेट खराब आहे म्हणायचा. नात कुठेय, तर झोपलीय. कधीही विचारा, पोरगी झोपलेलीच.

नात सहा वर्षांची होणार होती. दर वाढदिवसाला मास्तर तिला फ्रॉक पाठवत आणि मापं मुलगा कळवत असे. यंदा त्याने टाळाटाळ केली. दोनदा विसरला, तिसऱ्यांदा म्हणाला, "राहू द्या बाबा, एवढा खर्च टपालाचा." मास्तरांना राग आला. माझ्या नातीचं माप घ्यायला मला तुझी परवानगी लागते काय, असं म्हणून ते तडक बाईंकडे गेले. छाती, कंबर, उंची आणि शंभरपर्यंत आकडे, एवढंच शिकवा म्हणाले. बाकी भाषा गेली खड्ड्यात.

महिन्याभराने, मुलगा कामावर गेला असेल अशी वेळ साधून त्यांनी सुनेला फोन लावला. बाईंनाही थांबू दिलं नाही. परीक्षेच्या वेळी शिक्षक कशाला, म्हणाले.

सून आधी दचकली. मास्तरांनी कागदावरून वाचून आपण कोण ते सांगितलं, फ्रॉक हा शब्द म्हटला आणि मग एकेक अवयव. "पेचो?" म्हणजे छाती. तिकडे पावलांचा आवाज, कुणाशी तरी हळू बोलणं. मग ती म्हणाली, "सिंक्वेंता इ क्वात्रो." चोपन्न. मास्तरांनी आकडा तिला परत म्हणून दाखवला, मगच लिहिला. कंबर पन्नास. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अठ्ठावन्न.

मापं संपली तरी सुनेने फोन ठेवला नाही. ती बोलायला लागली. आधी सावकाश, मग भराभर. त्यातलं एक अक्षर मास्तरांना कळलं नाही, पण सून आपल्याशी बोलतेय याचाच त्यांना केवढा आनंद झाला होता. मान डोलवत ते "सी, सी" म्हणत राहिले. होय, होय. एकदा तिचा आवाज अडकला, तेव्हाही "सी" म्हणाले. शेवटी तिने "ग्रासियास" म्हणून आभार मानले, दोनदा.

"पास झालो!" त्यांनी आतल्या दाराकडे बघून हाक मारली. "अगं, सून माझ्याशी बोलली. चांगली दहा मिनिटं!"

"हो का? मग आता तिकडेच दुकान काढा," बायको आतून म्हणाली.

आकडे सेंटीमीटरमध्ये होते. मास्तरांचा सगळा जन्म इंचांत गेलेला. त्यांनी टेप टेबलावर पसरली, चोपन्नवर नख ठेवलं आणि तिथेच ती उलटून इंचांची बाजू पाहिली. सव्वा एकवीस.

मापांच्या वहीत नातीचं पान होतं. गेल्या वर्षी छाती तेवीस.

ऐकण्यात चूक झाली असेल. त्यांनी कंबर पाहिली. पावणेवीस. गेल्या वर्षी साडेएकवीस. मग घाईघाईने उंची पाहिली. ती मात्र पाऊण इंच वाढली होती, वाढायला हवी तेवढीच. मास्तरांनी टेप पुन्हा सुलटी केली, पुन्हा उलटी केली. उभ्या आयुष्यात हजारभर पोरांची मापं घेतली होती त्यांनी. दुखण्याशिवाय पोर असं आटत नाही.

सुनेने सगळं सांगितलं होतं. चार महिने मुलाने दाबून ठेवलेलं तिने आज सासऱ्यापुढे मोकळं केलं होतं, आणि ते होय, होय म्हणत बसले होते. हातातला खडू टेबलावरून घरंगळत खाली गेला, तो उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. मास्तरांनी वही मिटली, पिवळं कापड पसरलं आणि वाकून खडू शोधू लागले.

"एवढं काय बोलत होती हो ती?"

"एवढी भाषा कुठे येते मला."

तिने कापडाचं टोक ताणून धरलं. मास्तर मापं टाकत गेले. बायकोचं लक्ष रेघांवर होतं. चाळीस वर्षं तीही काजं-बटणं करत याच टेबलाशी बसली होती.

"हे काय? पोरांचं शिवताना दोन बोटं सैल धरता ना? वाढतं अंग असतं."

"यंदा अंगाबरोबर बसू दे. छान दिसेल."

"अहो, टपालाने पोचेपर्यंत घट्ट होईल तिला!"

"होऊ दे," मास्तर म्हणाले. कापड सारखं करत त्यांनी पुन्हा म्हटलं, "होऊ दे घट्ट. मी दुसरा शिवीन."

आणि त्यांनी रेघेवर कात्री लावली.