ग्रेगरीच्या नावावरचा फोन

चोवीस अंश.

फोनचं जांभळं कव्हर. पूर्वाने रत्नागिरीत आधीच घेऊन ठेवलंय.

सलालाहला पावसाळ्यात एसी लागत नाही.

ओमानमधल्या रहिवासी कार्डाला सगळे बताका म्हणतात. चार महिन्यांत संपणाऱ्या बताक्यावर दोन वर्षांच्या हप्त्यांचा फोन मिळत नाही.

अठरा अंश.

*

एकनाथ साळवी, एसी मेकॅनिक. अल हैलमधलं मोबाइल कंपनीचं दुकान. गुरुवार, संध्याकाळचे सात.

उद्या दुपारच्या विमानाने तो कायमचा गावी चालला आहे. फोन मुलीला, पूर्वाला द्यायचा आहे. पण त्यात भारतातलं सिम चालत नाही, कारण हप्ते फिटेपर्यंत कंपनीने तो लॉक केलेला आहे. उरलेले चार हप्ते एकनाथने दुपारीच एकदम भरून टाकले. आता फक्त अनलॉक.

काउंटरवर मुनिबा. बलुची ओमानी, हिंदी स्वच्छ.

"फोन आपके नाम पे नहीं है."

"मालूम है."

"ग्रेगरी तुस्कानो कौन?"

ग्रेगरी वसईचा. हॉटेलात अकाउंट्सला. सात वर्षं दोघं एका खोलीत. फोन घेतला तेव्हा एकनाथचा बताका संपत आला होता, म्हणून ग्रेगरीच्या बताक्यावर घेतला, हप्ते एकनाथचे. मग एसी किती अंशांवर ठेवायचा यावरून भांडण झालं. एकनाथ म्हणे चोवीस, ग्रेगरी म्हणे अठरा. आठवड्याभरात ग्रेगरी बदली होऊन पार दक्षिणेला, सलालाहला गेला. एकनाथने अर्थ लावला, भांडणामुळेच गेला. तेरा महिने बोलणं नाही.

"रूममेट था."

"उनके नंबर पे ओटीपी जाएगा. तीन मिनट चलता है. तीन बार भेज सकती हूँ, फिर चौबीस घंटे बंद. और कल जुम्मा है, दुकान बंद."

पहिला ओटीपी

एकनाथने फोन लावला. ग्रेगरीने पहिल्याच रिंगला उचलला.

"कोण बोलतंय? कुठल्या हॉस्पिटलमधून?"

"मी एकनाथ."

"एकनाथ कुठाय?"

"अरे, मीच एकनाथ!"

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज.

"दुपारी मेसेज आला. सगळे हप्ते भरले, खातं बंद. मला वाटलं, संपलास तू."

"उद्या जातोय."

"म्हणजे?"

"गावी रे. विमानाने. कायमचा."

"आणि हे आत्ता सांगतोस?"

"खलास," मुनिबा म्हणाली. तीन मिनिटं झाली होती.

दुसरा ओटीपी

"ग्रेगरी, सहा आकडे आलेत ते वाच."

"दर पाच तारखेला मला मेसेज यायचा. हप्ता मिळाला, धन्यवाद."

"मग?"

"मग काय. कळायचं, आहेस."

"फोन करायचा होतास."

"तू करायचास. रिमोट कोणी लपवला?"

"लपवला नाही. बॅटऱ्या काढून ठेवल्या."

"सात वर्षं घामात झोपलो मी."

"चोवीसला घाम? वीस वर्षं एसी दुरुस्त करतोय, मला शिकवतो! अरे, कंप्रेसरला काही—"

"इथे सलालाहला पावसाळ्यात एसी लागतच नाही. मी खिडकी उघडतो."

एकनाथला हे ऐकून घ्यावं लागलं. ऐकून होईपर्यंत दुसरा ओटीपीही गेला.

"लास्ट," मुनिबा म्हणाली. "भाई, झगड़ा बाद में."

तिसरा ओटीपी

"चार," ग्रेगरीने वाचलं. "शून्य. नऊ. नऊ. दोन."

"पुढे?"

"आधी बोल, अठरा बरोबर होतं."

"मेल्या, पोरीला द्यायचाय फोन."

"पूर्वाला?"

"नर्सिंगला लागलीय."

"अरे वा. हुशारच आहे ती, आईवर गेलीय. बोल, अठरा बरोबर होतं."

"बावीस," एकनाथ म्हणाला.

"एकोणीस."

"एक मिनट बाकी," मुनिबा म्हणाली.

"एकवीस. त्याच्या खाली कंप्रेसरचे हाल होतात."

"वीस."

एकनाथने मुनिबाकडे पाहिलं. ती घड्याळाकडे पाहत होती.

"बरं. वीस चाललं असतं."

"शेवटचा आकडा सात."

मुनिबाने सात दाबलं. स्क्रीनवर हिरवी खूण आली.

"हो गया. अब फोन एक बार बंद करके चालू करो."

एकनाथने मान हलवली. फोन कानालाच होता. ग्रेगरी विचारत होता, बॅगेचं वजन केलंस का, की नेहमीसारखी विमानतळावर सगळ्यांसमोर उघडणार.

"भाई, बंद करो."

"करता हूँ," एकनाथ म्हणाला आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसला.

सलालाहच्या बदलीसाठी ग्रेगरीने अर्ज दिला होता तो भांडणाच्या दोन महिने आधी.