दुसरा हात

फिटरकाका चाकांच्या फळीवर आडवे होऊन गाडीखाली सरकले, टॉर्च पेटवला, आणि तारेचा ब्रश धरलेला हात तसाच हवेत राहिला. घासायला काही नव्हतंच.

हिवाळ्याच्या तोंडाशी गाडीचं पोट कसं दिसतं, ते त्यांना पाठ होतं. गेल्या वर्षी बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पांढरे पापुद्रे, त्याखाली तांबूस गंज, कोपऱ्यांत वाळून दगड झालेला चिखल. ते सगळं धुवायचं, घासायचं आणि मग गंज धरू नये म्हणून काळा लेप लावायचा. दोन दिवसांचं काम. बसडेपोतली फिटरची नोकरी सुटली तरी हे काम त्यांनी सोडलं नव्हतं, आणि गल्लीनेही त्यांचं नाव बदललं नव्हतं.

आज मात्र पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत काळाभोर होता. त्यांनी बोट फिरवलं. लेप चांगला वाळलेला. दारांखालची पाणी निचरायची भोकं एकूण एक मोकळी होती. सायलेन्सरवर लेपाचा एक शिंतोडा नव्हता. गॅरेजवाले एवढं बघत नाहीत. ही पद्धत त्यांची स्वतःची होती. एका कडेला त्यांनी नख रोवून पाहिलं. लेपाचे दोन थर होते. इथे वर्षातून चार-पाचदा बर्फ पडायचा, लेपाचा एक हात पुरायचा. दुसरा हात त्यांनी आजवर कधी दिला नव्हता.

ते बाहेर आले आणि तडक मागच्या खोलीत गेले. लेपाचा डबा फळीवर होता. झाकणाचं सील शाबूत.

स्टुलावर बसून त्यांनी मागचे पंधरा दिवस एकेक करून आठवले. मंगळवारी दात दुखला. शनिवारी नळ दुरुस्त केला. मग चार दिवस लेकीकडे. त्या मंगळवारच्या आधीचा रविवार काही केल्या हाती लागेना. थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. एकाच सकाळी तो दोनदा दाढी करायचा आणि पहिली केलीच नाही म्हणून भांडायचा. फिटरकाकांचा हात आपसूक गालाकडे गेला.

बायको स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती.

"मी लेकीकडे जायच्या आधी गाडीखाली गेलो होतो का गं?"

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे. सहज विचारलं."

सहज विचारल्यावर बायकोचे हात थांबत नाहीत. आत्ता थांबले होते. आपण विचारायला नको होतं, हे त्यांना तिथेच कळलं.

संध्याकाळी सून हॉस्पिटलातून आली, तेव्हा बायको तिला दाराआड घेऊन हळू आवाजात सांगत होती. यांचं हल्ली लक्षण ठीक दिसत नाही, तू नर्स आहेस, एखादा चांगला डॉक्टर बघ. सून ऐकून आत गेली. फिटरकाका पेपर उघडून बसले होते. एकच बातमी त्यांनी तीनदा वाचली, आणि तीनदा वाचली हे लक्षात आल्यावर पेपर घडी करून ठेवला.

सकाळी नात शाळेत गेल्यावर सून मागच्या खोलीत आली. मुलगा आजारात गेला त्याला चार वर्षं झाली होती. गाडी त्याची, आता हीच चालवायची. नवरा होता तेव्हापासून दर हिवाळ्याआधी सासऱ्यांना टॉर्च धरायचं काम तिचंच होतं.

"बाबा, गाडीखाली मी गेले होते. तुम्ही ताईंकडे होतात तेव्हा. डबा मी नवा आणला."

फिटरकाका खाली बसले. त्यांना हायसं वाटलं. तेवढ्यात दुसराच गुंता समोर आला. यात लपवण्यासारखं काय होतं?

"मग सांगायचं ना. मी वेडा व्हायचा राहिलो."

"म्हणूनच आले. नाहीतर इतक्यात सांगणार नव्हते."

"आणि दोन हात कशाला? इथे एक पुरतो."

"इथे पुरतो," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती नखाच्या कडेला राहिलेला काळा डाग खरवडत होती. मग तिने सगळं सांगितलं. वर डोंगरात, पाच तासांवर, एका हॉस्पिटलात तिला मुख्य नर्सची जागा मिळाली होती. राहायला घर होतं. तिथे चार महिने बर्फ असतो आणि रस्त्यावर रोज मीठ पडतं. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं. फक्त तिथल्या शाळेकडून मुलीच्या प्रवेशाचं गुरुवारी कळायचं होतं. ते कळल्यावर ती स्वतः सासूबाईंच्या समोर बसून सांगणार होती. अर्धवट सांगून त्यांच्या जिवाला घोर लावायचा नव्हता.

बोलण्यासारखं फिटरकाकांच्या मनात बरंच आलं. नात तिकडे कुणाबरोबर बसून गणितं सोडवील, हे आलं. मुलाची गाडी, हेही आलं. ते तोंडाशी आलं आणि त्यांनी गिळलं.

"दारांखालच्या पोकळीत मेण मारलंस?"

"ते राहिलं."

"गंज तिथूनच धरतो. चल."

दोघं तासभर गाडीखाली होती. ते भोक दाखवत, ती नळी आत घालून मेण मारी. लेपात कुठे खोट सापडते का, हे ते बघत राहिले. सापडली असती तर बरं झालं असतं.

जेवताना बायकोने विषय काढलाच.

"अहो, मग त्या गाडीचं काय झालं?"

वाढता वाढता सुनेचा हात थांबला. तिने तोंड उघडलं, पण गुरुवार अजून यायचा होता; फिटरकाका तिच्या आधी बोलले.

"मीच केलं होतं. पार विसरून गेलो होतो."

बोलताना त्यांना क्षणभर तो हरवलेला रविवार दिसलासुद्धा: आपण गाडीखाली, हातात ब्रश. इतकं स्पष्ट, की खरं काय ते त्यांचं त्यांनाच कळेना.

"बुधवारची वेळ घेतलीय डॉक्टरांची," बायको चाचरत म्हणाली. डॉक्टरचं नाव काढलं की ताटावरून उठणारा हा माणूस. "याल ना?"

"येईन की."

बायकोचा घास हातातच राहिला. ते भांडले असते तर तिला धीर आला असता.

सुनेने खाली मान घालून पाण्याचा ग्लास भरला आणि सासऱ्यांच्या ताटाशी ठेवला. तिथे एक भरलेला ग्लास आधीच होता, हे तिने पाहिलं नाही. फिटरकाका एक ग्लास पाणी प्यायले. जरा थांबले, आणि दुसराही प्यायले.

बायको त्या दोन रिकाम्या ग्लासांकडे बघत राहिली.